मोबाइलचा ठिपका आणि शेताचा बांध

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मोबाइलचा कॅमेरा आणि ठिकाण ओळखण्याची सोय यांच्या जोडीतून पुढे काय काय साधणार आहे, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ढासळलेल्या तटबंदीवर कॅमेरा रोखला की पडद्यावर मूळचा बुरुज उभा राहील, अनोळखी शहरात समोरच्या रस्त्यावरच दिशादर्शक बाण उमटतील, शेतातल्या एका फोटोवरून पीक आणि गट नंबर दोन्ही नोंदले जातील, असे चित्र लेखकाने रंगवले आहे आणि त्यातले बरेचसे आज खरोखर होऊ लागले आहे. संगणकशास्त्र आणि विशेषतः संगणकीय चित्रण हा विषय तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असा लेख वाचून आनंद व्हावा, तसा तो मलाही झाला. माझी हरकत त्यातल्या एकाच शब्दाला आहे. आपण नेमके कुठे उभे आहोत हे मोबाइलला ठाऊक असते, अशा आशयाचे विधान लेखात दोन ठिकाणी आले आहे. त्यातला ‘नेमके’ हा शब्द काढून टाकावा लागेल. मोबाइलपाशी असतो तो अंदाज, आणि तो अंदाज किती चुकू शकेल याचा आणखी एक अंदाज. या दुसऱ्या अंदाजाला संशोधक पहिल्याइतकेच मोल देतात. पण तो मोबाइल हाती धरणाऱ्यापर्यंत बहुधा पोहोचत नाही, आणि त्या मोबाइलच्या भरवशावर दुसऱ्याबद्दल निर्णय घेणाऱ्यापर्यंत तर नाहीच नाही. पत्राचा विषय एवढाच आहे, तो थोडा विस्ताराने मांडू द्यावा.

माझे वडील भूकरमापक होते. त्यांच्या उमेदीच्या काळातली मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची असे आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अशा चाळीस गुंठ्यांचा एकर. आजच्या मापात सांगायचे तर गुंठ्याची बाजू दहा मीटरच्या आसपास भरते. हा आकडा वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे. वडिलांची एक सवय मला लहानपणी कंटाळवाणी वाटे. बांध एका टोकाकडून मोजून झाला की ते तोच बांध उलट्या टोकाकडून पुन्हा मोजत, आणि दोन मापांतला फरक टिपणाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवत. हा त्या धंद्याचाच जुना रिवाज आहे. विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला, आणि १८०४ मध्ये बंगळुरूजवळ दुसरी रेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजली. दुसरीचा उपयोग तपासणीचा होता: त्रिकोणांच्या मालिकेतून निघालेली लांबी आणि जमिनीवरची लांबी यांत किती अंतर पडते, हे तिच्यामुळे कळणार होते. पुढे वीस वर्षे हा गृहस्थ तेच करत उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. कोन मोजणाऱ्या त्याच्या अवजड थिओडोलाइटपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे यंत्र आज आपल्या खिशात असते. मात्र पेन्सिलीने कडेला लिहिलेला तो फरक आता कुठे गेला, हे विचारण्याची वेळ माझ्यावर गेल्या सप्टेंबरात आली.

पाटण तालुक्यात आमचे मूळ गाव आहे. तेथे चुलतबंधू भात करतात. सेंद्रिय मालाच्या प्रमाणपत्रासाठी एका खासगी संस्थेने त्यांना मोबाइलवर एक ॲप दिले आहे. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, ॲप त्या क्षणीचे ठिकाण तपासते, आणि ते नोंदवलेल्या गटाच्या रेषेच्या आत असेल तरच फोटो पुढे जातो. बंधूंचे खाचर दहा गुंठ्यांचे असले तरी डोंगरउताराला आडवे पसरलेले आहे. लांबी शंभर मीटरच्या वर आणि रुंदी जेमतेम नऊ-दहा मीटर. पश्चिमेला उभा डोंगर, वरच्या तालीवर जांभळाची दोन जुनी झाडे. बंधू गुडघाभर भातात, पाय चिखलात रुतलेले, हातात मोबाइल धरून उभे, आणि मोबाइल सांगतो की आपण नोंदणीकृत क्षेत्राच्या बाहेर आहात. तीनदा काढलेला फोटो तीनदा नाकारला गेला. मी माझ्या मोबाइलवर चाचणीसाठी ठेवलेले एक साधे ॲप उघडून पाहिले, तर ठिकाणाच्या आकड्याशेजारी अचूकतेच्या रकान्यात चौदा मीटर असे दिसत होते. मग आम्ही चढून शेजाऱ्याच्या बांधावर, झाडांच्या सावलीपासून दूर जाऊन पाहिले. तेथे ॲपने पहिल्या झटक्यात हिरवी खूण दिली. स्वतःच्या खाचरात उभा असलेला मालक बाहेरचा ठरला होता आणि दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवताच आतला झाला होता. बंधू हसले, मला मात्र हसू आले नाही, कारण असेच ॲप परीक्षेच्या प्रकल्पासाठी लिहिणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांना मी पूर्वी चांगले गुण दिलेले आहेत.

हे का घडते ते पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येकावर अणुघड्याळ असते. उपग्रहाचा संदेश केव्हा निघाला आणि केव्हा पोहोचला यांतल्या फरकावरून मोबाइल अंतर काढतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या स्वस्त घड्याळाची चूक अशी चार अज्ञाते सोडवायची असल्यामुळे निदान चार उपग्रह लागतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटीमीटर जातो, तेव्हा वेळेत शंभर नॅनोसेकंदांची गडबड झाली तरी अंतरात तीस मीटरची भर पडते. वातावरणाच्या वरच्या थरात संदेश रेंगाळतो, त्याची भरपाई गणिताने बऱ्याच अंशी करता येते. डोंगराच्या कड्यावर किंवा काचेच्या इमारतीवर आदळून लांबच्या वाटेने आलेल्या संदेशाची भरपाई फार कठीण, कारण मोबाइलला तो सरळ आलेल्या संदेशासारखाच दिसतो. त्यात आमच्या खाचरातून अर्धे आकाश डोंगराने झाकलेले, म्हणजे दिसणारे उपग्रह सारे एकाच बाजूला गोळा झालेले. तीन खुंट्या एकाच कोपऱ्यात ठोकून मांडव ताणावा, तसे ते गणित होते.

मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल सुमारे पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ठिकाण सांगतो, असे जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या अधिकृत माहितीत दिलेले आहे. या वर्तुळाचे क्षेत्रफळ पाऊण गुंठा भरते. आमच्या खाचरातले चौदा मीटरचे वर्तुळ घेतले तर ते सहा गुंठ्यांचे झाले, आणि त्याचा व्यास खाचराच्या रुंदीच्या जवळजवळ तिप्पट. याहून खटकणारी गोष्ट पुढे आहे. ॲण्ड्रॉइड प्रणाली अचूकतेचा जो आकडा देते, त्याची व्याख्या अशी की खरे ठिकाण या त्रिज्येच्या आत असण्याची शक्यता अडुसष्ट टक्के आहे. म्हणजे दर तीन वेळांतून साधारण एकदा माणूस त्या वर्तुळाच्याही बाहेर असतो, आणि हे यंत्र बिघडल्याचे लक्षण नसून ते व्याख्येप्रमाणेच चाललेले असते. नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती जे फिकट निळे कडे कधी फुगते, कधी आवळते, ते या अचूकतेचे चित्र. नकाशा बनवणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे काढले आहे. ॲप बनवणारा मात्र ठिपक्याचा अक्षांश-रेखांश उचलतो, कडे तेथेच टाकून देतो, आणि बिंदू रेषेच्या आत की बाहेर एवढाच प्रश्न संगणकाला विचारतो. या प्रश्नाला संगणक नेहमीच ठाम उत्तर देतो, त्यामुळे विचारणाऱ्यालाही शंका येत नाही.

शिवाय ज्या रेषेच्या आत-बाहेर असण्याबद्दल हा निवाडा, ती रेषा तरी कुठून आली? आमच्या गावचा जुना नकाशा एका इंचाला वीस साखळ्या या प्रमाणाचा आहे. या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची शाईची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर चार मीटर जागा व्यापते. कापडाचा नकाशा आखडतो, घडीवर झिजतो, मग तो स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवताना चार कोपरे जुळवले की मधली शेते थोडी इकडेतिकडे सरकतात. जमिनीवर बांध जेथे आहे आणि पडद्यावर रेषा जेथे आहे, त्या दोन जागा एकच असतील असे गृहीत धरण्यापूर्वी एखाद्या निवृत्त भूकरमापकाला चहाला बोलावून विचारावे. तो चहा संपेपर्यंत बोलायचा थांबणार नाही.

आकड्यांच्या खोटेपणाचा आणखी एक नमुना सर्वांच्या पाहण्यातला आहे. रस्त्याच्या कामापासून वृक्षारोपणापर्यंत हल्ली जो तो फोटो मागतो, त्याच्या खालच्या पट्टीत नकाशाचा चौकोन, तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छापलेले असतात. हे अक्षांश सहसा दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत असतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे एकशे अकरा किलोमीटर. त्याचा सहावा दशांश म्हणजे अकरा सेंटीमीटर, अर्धी वीत. ज्या यंत्राला पाऊण गुंठ्याच्या आत खात्री देता येत नाही, ते अर्ध्या वितीपर्यंतचे आकडे छापते आणि वाचणाऱ्या साहेबाला वाटते की झाड नेमके येथेच लावले. गंमत अशी की फोटोसोबत जी माहिती फाइलमध्ये साठवली जाते, तिच्या ‘एक्झिफ’ या प्रमाणित नमुन्यात ठिकाणाच्या चुकीसाठी स्वतंत्र रकाना उपलब्ध आहे. छापील पट्टीत मात्र त्या रकान्याला जागा मिळत नाही. वडिलांची पेन्सिल आठवते ती अशा वेळी.

हा प्रश्न संशोधकांच्या लक्षात आला नव्हता असे कोणी समजू नये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फाइनर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये पाठीवर संगणकाचे ओझे, डोक्याला पारदर्शक पडदा आणि जीपीएस अशी सामग्री घेऊन आवारात फिरणाऱ्याला समोरच्या इमारतींची नावे हवेत लिहिलेली दिसतील अशी व्यवस्था करून दाखवली. आज जे मोबाइलवर दिसते त्याचा हा मूळपुरुष. त्या गटात काम केलेल्या ब्लेअर मॅकइंटायर यांनी पुढे जॉर्जिया टेकमध्ये एनिल्टन कोएल्हो यांच्यासह २००० मध्ये एक साधा पण फार मोलाचा विचार मांडला. ठिकाण आणि दिशा यांत किती चूक आहे हे यंत्राला माहीत असेल, तर चित्रही त्या चुकीप्रमाणे बदलले पाहिजे. चूक थोडी असताना इमारतीच्या कडांवरून अचूक रेघ फिरवावी; चूक वाढली की रेघ काढून टाकून नावाची पाटी आणि बाण दाखवावा; आणखी वाढली तर अमुक दिशेला कुठेतरी ती इमारत आहे एवढेच शब्दांत सांगावे. माझ्या वर्गात मी हे दर वर्षी शिकवत असे आणि दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारी की चूक दाखवली तर लोक ॲप वापरतील का. प्रश्न व्यवहाराचा होता, त्यामुळे माझ्यापाशी त्याचे चांगले उत्तर नसे.

एक उत्तर इंग्लंडमधून मिळाले होते. ब्लास्ट थिअरी हा कलावंतांचा गट आणि नॉटिंगहॅम विद्यापीठातील मिक्स्ड रिॲलिटी लॅब यांनी २००१ मध्ये शेफील्ड शहरात पाठशिवणीचा एक खेळ मांडला. काही खेळाडू हातातील संगणक आणि जीपीएस घेऊन खऱ्या रस्त्यांवरून धावत, तर बाकीचे घरी बसून इंटरनेटवरच्या नकाशात पळत. धावणाऱ्यांना काही दिवसांतच कळले की अमुक गल्लीत जीपीएस दगा देते, तमुक चौकात ते चांगले लागते. मग ते पकडण्यासाठी दबा धरून बसायचे ते चांगल्या चौकाशेजारी. संशोधकांनी यावरून असे मांडले की ठिकाणातली अनिश्चितता लपवण्याचा मार्ग नेहमीच शहाणपणाचा नसतो. ती उघड दाखवली तर माणसे तिच्याशी जुळवून घेतात, प्रसंगी तिचा उपयोगही करतात. चिखलात उभ्या असलेल्या माझ्या बंधूंना चौदाचा आकडा कोणी दाखवला असता, तर झाडांपासून दूर सरकून तो सहावर आणण्याची युक्ती त्यांनी पाच मिनिटांत शोधली असती. त्यांना फक्त ‘बाहेर’ हा शब्द दाखवला गेला.

आता लेखातील दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. जीपीएस कमी पडते तेथे कॅमेरा ते काम करील, असे लेखक म्हणतात. हे खरे आहे, पण एका अटीवर. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये चित्रातील ठळक खुणा, म्हणजे कोपरे, डाग, पोताचे तुकडे, अशा रीतीने आकड्यांत मांडण्याची पद्धत दिली की कॅमेरा जवळ गेला, दूर गेला किंवा वळला तरी तीच खूण ओळखता यावी. ऑक्सफर्डच्या जॉर्ज क्लाइन आणि डेव्हिड मरे यांनी २००७ मध्ये साध्या कॅमेऱ्याने टेबलावरच्या जागेचा नकाशा बनवत बनवत त्याच नकाशात कॅमेऱ्याची जागा शोधून दाखवली. मोबाइलवर फर्निचर ठेवून पाहण्याची जी सोय आज सर्रास मिळते, ती याच घराण्यातली. गूगलने २०१९ मध्ये रस्त्यावर बाण उमटवणारी सोय आणली, तिच्यात मोबाइलचा कॅमेरा समोरच्या इमारतींची तुलना आधी साठवलेल्या रस्त्यांच्या चित्रांशी करतो. अट आहे ती येथे: चित्रे आधी साठवलेली हवीत. आपल्याकडे त्या चित्रांची सेवा २०२२ च्या जुलैत दहा शहरांपासून सुरू झाली आणि त्यांत मुंबई, पुणे, नाशिक व अहमदनगर होती. पाटणच्या वाडीत भिंत ओळखायला तिची आधीची प्रतिमाच नाही. आणि खाचराचे काय? जूनमध्ये ते चिखल असते, सप्टेंबरात हिरवे, डिसेंबरात धसकटे. ठळक खूण म्हणून धरावे असे तेथे वर्षभर टिकते ते एक जांभळाचे झाड.

डोंगराळ भागासाठी एक निराळी वाट मात्र आहे आणि आपल्या विद्यापीठांनी ती धरावी असे मला मनापासून वाटते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात मार्क पोलेफेस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये फोटोत दिसणारी डोंगरांची क्षितिजरेषा भूउंचीच्या नकाशातून गणिताने काढलेल्या क्षितिजरेषांशी ताडून, तो फोटो स्वित्झर्लंडमध्ये कुठे काढला असावा हे शोधून दाखवले. डोंगर ऋतूप्रमाणे बदलत नाही. सह्याद्रीची रांग तर पायथ्याचा गुराखीसुद्धा नुसत्या आकारावरून ओळखतो. सोंड कुठे संपते, खिंड कुठे पडते, हे त्याला पाठ असते. भूउंचीची आकडेवारी इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर मिळते. पावसाळी ढगांत ही पद्धत चालणार नाही हे कबूल, पण दिशा सुधारण्यासाठी तरी ती फार उपयोगी पडेल. तसेच हैदराबादच्या आयआयआयटीमध्ये सी. व्ही. जवाहर यांच्या गटाने गोवळकोंडा आणि हंपी येथील वास्तू मोबाइलच्या कॅमेऱ्याने ओळखण्याचे काम २०१२ च्या सुमारास केले, त्यात सर्व शोध मोबाइलमध्येच होत असे, इंटरनेटची गरज नसे. किल्ल्यावर रेंज नसते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या एका गोष्टीचे मोल सांगायला नको.

दिशा सुधारण्याचे म्हटले, ते किल्ल्यांच्या संदर्भात. गेल्या वर्ष-दोन वर्षांत, विशेषतः जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून, कॅमेऱ्यातून इतिहास दाखवणाऱ्या ॲपची चर्चा वाढली आहे. गडाच्या माथ्यावर आकाश मोकळे असते, तेव्हा ठिकाण चांगलेच लागते. फसवते ते होकायंत्र. मोबाइलमधले चुंबकीय होकायंत्र शेजारच्या लोखंडी रेलिंगने, गाडीने, अगदी मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरनेही दहा-दहा अंश भरकटते. दहा अंशांची चूक दर किलोमीटरला एकशे पंचाहत्तर मीटर पाटी सरकवते. अजिंक्यताऱ्यावरून मी एकदा असे ॲप लावून सज्जनगडाकडे पाहिले, तर त्याच्या नावाची पाटी गडाला सोडून शेजारच्या निनावी सोंडेवर डौलात तरंगत होती. बरोबरच्या शाळकरी मुलाने तीच सोंड सज्जनगड म्हणून वहीत काढली. त्या पाटीने आपल्याला खात्री नसल्याचे थोडे जरी दर्शवले असते, रुंद पट्टा दाखवून ‘या भागात कुठेतरी’ म्हटले असते, तर मुलाने डोळे वापरले असते.

पाटी चुकली तर वहीतले चित्र चुकते, तेवढ्यावर भागते. हजेरी आणि अनुदान यांचे तसे नाही. रोजगार हमीच्या बहुतेक सामूहिक कामांवरील मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून देशभर ठिकाणासह काढलेल्या फोटोने घेणे सक्तीचे झाले आहे, घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांच्या अशाच फोटोंशी जोडलेले आहेत, आणि खासगी कंपन्यांतही फिरतीच्या माणसांची हजेरी ठिकाण पाहून लागते. बोगस नोंदींना आळा घालण्याचा हेतू योग्य आहे; घरी बसून शेताचा फोटो पाठवणारे आहेतच, त्यांना रोखलेच पाहिजे. पण तालुक्याच्या गावी घरी बसलेला माणूस आणि बांधावर उभा असलेला माणूस यांतला फरक किलोमीटरांचा असतो, तो ओळखायला दोन-पाच मीटरांची कडक रेषा लागत नाही. म्हणून माझी सूचना अगदी जुजबी आहे. ठिपक्याऐवजी वर्तुळ घ्यावे. ते पूर्ण रेषेच्या आत असेल तर ‘होय’, पूर्ण बाहेर आणि पुरेसे दूर असेल तर ‘नाही’, आणि रेषेला छेदत असेल तर ‘सांगता येत नाही’ असे तिसरे उत्तर संगणकाला देऊ द्यावे. या तिसऱ्या उत्तराच्या नोंदी नाकारू नयेत, खुणेसह पुढे पाठवाव्यात आणि त्यांतल्या काहींची जागेवर तपासणी माणसाने करावी. सोबत अचूकतेचा आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवावा आणि अर्ध्या-एक मिनिटाची वाट पाहून अनेक मापांतले चांगले माप घ्यावे, कारण मोबाइल खिशातून काढताक्षणी मिळालेले ठिकाण बहुधा सर्वांत वाईट असते. याला नवे यंत्र लागत नाही, ॲपमधल्या पाच-पंचवीस ओळी बदलाव्या लागतात. त्या ओळींसाठी लागणारा आकडा मोबाइल आजही देतोच आहे.

यंत्रे सुधारत आहेत, तेव्हा थोडे थांबा, असे कोणी म्हणेल. सुधारत आहेत हे खरे. दोन वारंवारतांवर संदेश घेणारे मोबाइल २०१८ पासून बाजारात आहेत आणि परावर्तित संदेश ओळखण्यात ते सरस ठरतात. ‘नाविक’ या आपल्या जीपीएससारख्या मालिकेतील एनव्हीएस-०१ हा उपग्रह २९ मे २०२३ रोजी सुटला, त्यात साध्या मोबाइलना समजणारी एल-१ वारंवारता प्रथमच देण्यात आली. मोजणी खात्याचे रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून ठिकाण काढणारी मोजणीची यंत्रे, तर जमिनीवरच्या स्थिर केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन काही सेंटीमीटरपर्यंत ठिकाण देतात. वडील असते तर त्यांनी रोव्हरला नमस्कार केला असता आणि दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजायला सांगितले असते. पण रोव्हर ज्याच्या हाती आहे तो मोजणीदार, आणि फोटो काढायला लावला जातो तो ज्याच्यापाशी चार वर्षांपूर्वीचा, काच तडकलेला मोबाइल आहे असा शेतकरी. चांगल्या मोबाइलवाल्याचे शेत आत आणि जुन्या मोबाइलवाल्याचे शेत बाहेर, असा न्याय होऊ द्यायचा नसेल, तर यंत्रागणिक बदलणारी चूक हिशेबात धरणे हाच उपाय उरतो, आणि यंत्र कितीही सुधारले तरी तो हिशेब टळणार नाही, वर्तुळ लहान होईल इतकेच.

लेखकांना माझी विनंती आहे की पुढच्या लेखात त्यांनी मोबाइलला काय दिसते याबरोबरच त्याला काय नीट दिसत नाही याबद्दलही लिहावे. विषय कमी रंजक नाही, आणि संशोधनाचा निम्मा इतिहास त्यातच आहे.

माझ्या बंधूंचा फोटो अखेर शेजाऱ्याच्या बांधावरूनच गेला आणि मंजूर झाला. यंदा त्या शेजाऱ्यांनीही प्रमाणपत्रासाठी नाव नोंदवले आहे. परवा त्यांचा फोन आला होता. त्यांनी फोटो काढताना कोणाच्या शेतात उभे राहावे, असे ते विचारत होते.

आपला नम्र,
संगणकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
सातारा